माणूस तोच, मतं तेवढीच, मतदार वेगळे: सातारा, २०१९

सातारा लोकसभा मतदारसंघात उदयनराजे भोसले यांच्यासाठी पाच वर्षांत तीनदा मतदान झालं. एप्रिल २०१९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसच्या घड्याळावर त्यांना ५,७९,०२६ मतं मिळाली. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत भाजपच्या कमळावर ५,४८,९०३. २०२४ मध्ये पुन्हा कमळावर ५,७१,१३४. हे तीन आकडे एकाखाली एक लिहून बघा. सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत लहान आकड्यात जेमतेम तीस हजारांचा फरक आहे. बाकी काही माहीत नसलेला माणूस म्हणेल, इथे काही घडलेलंच नाही, राजांची मतं राजांकडेच राहिली.

प्रत्यक्षात पहिल्या वेळी ते सव्वा लाखाने जिंकले, दुसऱ्या वेळी ८७,७१७ मतांनी पडले आणि तिसऱ्या वेळी ३२,७७१ मतांनी पुन्हा निवडून आले. आकडा फारसा हलला नाही, पण त्याच्या पोटातली माणसं बदलली. एप्रिलमध्ये त्यांना मत देणारे कितीतरी जण ऑक्टोबरमध्ये त्यांच्या विरोधात गेले, आणि एप्रिलमध्ये त्यांना पाडायला निघालेले ऑक्टोबरमध्ये त्यांच्या मागे उभे राहिले. मतदाराची निष्ठा कशी बदलते हे समजून घ्यायला महाराष्ट्रात मला याहून स्वच्छ प्रकरण सापडलेलं नाही. उमेदवार तोच, मतदारसंघ तोच, मतदार यादी जवळपास तीच. दोन मतदानांमध्ये पुरते सहा महिनेही नाहीत. बदललं ते चिन्ह.

काय घडलं

सातारा लोकसभेत विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात: वाई, कोरेगाव, सातारा, कराड उत्तर, कराड दक्षिण आणि पाटण. हा यशवंतराव चव्हाणांचा मुलूख. काँग्रेस विचाराचं घर म्हणूनच त्याची ओळख, तरी हा मतदार डोळे मिटून मत देणारा कधीच नव्हता. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, १९५७ मध्ये, त्याने क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेत पाठवलं आणि १९९६ मध्ये शिवसेनेचा खासदार निवडून दिला. १९९९ मध्ये राष्ट्रवादी स्थापन झाल्यावर मात्र ही जागा शरद पवारांच्या पक्षाकडे गेली ती २०२४ पर्यंत तिथेच राहिली.

उदयनराजे छत्रपती शिवाजी महाराजांचे वंशज. १९९८ मध्ये ते भाजपकडून आमदार झाले होते. राष्ट्रवादीकडून खासदार झाले २००९ मध्ये, जवळपास तीन लाखांच्या मताधिक्याने. २०१४ मध्ये, देशभर मोदी लाट असताना, त्यांचं मताधिक्य साडेतीन लाखांच्या पुढे गेलं. २०१९ च्या एप्रिलमध्ये शिवसेनेचे नरेंद्र पाटील समोर होते. माथाडी कामगारांत काम केलेल्या, पाटण भागातल्या या उमेदवाराने ४,५२,४९८ मतं घेतली आणि राजांचं मताधिक्य १,२६,५२८ वर आलं. जिंकले म्हणून तेव्हा याकडे फारसं कुणी पाहिलं नाही, पण दोन लाखांहून अधिक मताधिक्य गळालं होतं. आधीच्या वेळी विरोधक विखुरलेले होते, यावेळी युतीची मतं एका जागी आली, हे त्याचं सरळ कारण. माझ्या मते आणखी एक गोष्ट त्यातून दिसते: राजांच्या वैयक्तिक करिष्म्यावर ही जागा चालते हा समज तेव्हाच तपासून बघायला हवा होता.

निकाल लागला २३ मे रोजी. चार महिनेही झाले नव्हते, तोच १४ सप्टेंबरला उदयनराजेंनी खासदारकीचा राजीनामा दिला आणि दिल्लीत अमित शहांच्या उपस्थितीत भाजपमध्ये प्रवेश केला. विधानसभेच्या निवडणुका तोंडावर होत्या, पोटनिवडणूक त्यांच्याबरोबरच २१ ऑक्टोबरला घ्यायचं ठरलं. राष्ट्रवादीने श्रीनिवास पाटलांना उभं केलं: निवृत्त सनदी अधिकारी, कराडचे दोन वेळचे खासदार, सिक्कीमचे माजी राज्यपाल आणि पवारांचे कॉलेजपासूनचे मित्र. १७ ऑक्टोबरला पंतप्रधान नरेंद्र मोदींची साताऱ्यात सभा झाली. १८ ला पवारांची पावसातली सभा. २४ ला मतमोजणी: श्रीनिवास पाटील ६,३६,६२०, उदयनराजे ५,४८,९०३.

नेमकं कोण बदललं

निकालानंतर जो तो म्हणत होता, "साताऱ्याने राजांना नाकारलं." हे वाक्य ऐकायला ठसठशीत आहे, पण आकडे त्याच्याशी नीट जुळत नाहीत. पाच लाख अठ्ठेचाळीस हजार माणसांनी ज्याला मत दिलं त्याला नाकारलं कसं म्हणायचं? म्हणून आधी हिशेब करू.

अमेरिकी राजकारणाचे अभ्यासक व्ही. ओ. की यांनी मतदारांचे तीन गट पाडले होते: मागच्याच बाजूला टिकून राहणारे, बाजू बदलणारे आणि नव्याने मतदानाला येणारे. ही मांडणी साताऱ्याला लावायला गेलं की पहिल्याच पायरीवर अडखळायला होतं, कारण टिकून राहणं कशाला म्हणायचं हेच इथे स्पष्ट नाही. एप्रिलमध्ये घड्याळाचं बटण दाबलेला मतदार ऑक्टोबरमध्येही घड्याळच दाबत असेल तर तो टिकला की बदलला? पक्षाच्या बाजूने पाहिलं तर टिकला, माणसाच्या बाजूने पाहिलं तर बदलला. राजांच्या मागोमाग कमळाकडे गेलेल्याचं बरोबर उलट. एप्रिलमध्ये धनुष्यबाणावर शिक्का मारून राजांना विरोध केलेल्या युतीच्या मतदाराचं तर विचारूच नका. पक्षनिष्ठा राखायची तर त्याला काल ज्याला पाडायचं होतं त्यालाच मत द्यायचं होतं.

आता ढोबळ अंदाज. समजा एप्रिलमध्ये नरेंद्र पाटलांना मिळालेली ४,५२,४९८ मतं युतीची होती आणि ती सगळीच्या सगळी ऑक्टोबरमध्ये राजांना मिळाली. मग राजांच्या खात्यात उरतात ९६,४०५. एप्रिलमध्ये त्यांना मत दिलेले होते ५,७९,०२६. म्हणजे त्यांच्या जुन्या मतदारांपैकी साधारण सहापैकी एकजण त्यांच्याबरोबर पक्ष ओलांडून गेला. हे गृहीतक कडक आहे हे मान्य. युतीची सगळी मतं वळणं शक्यच नाही. ज्या माणसाविरुद्ध गावागावात प्रचार केला त्याच्याचसाठी सहा महिन्यांत पुन्हा दारोदार फिरायचं, तर कुणीतरी घरी बसलं असणार, कुणी उलटही गेलं असणार. जितके युतीचे मतदार गळाले असतील तितके राजांचे अनुयायी या अंदाजाहून जास्त धरावे लागतील. तरीही अंदाज दुप्पट केला तरी तो तीनपैकी एक एवढाच होतो. "राजे जिकडे, सातारा तिकडे" हे खरं ठरायला तो पुरेसा नव्हता.

तिसरा गट नव्याने आलेल्यांचा. एप्रिलमध्ये पहिल्या दोन उमेदवारांची बेरीज होती १०,३१,५२४. ऑक्टोबरमध्ये ती झाली ११,८५,५२३. म्हणजे दीड लाखाहून अधिक मतांची भर. यातली काही मतं एप्रिलमध्ये तिसऱ्या-चौथ्या उमेदवाराला गेलेली असतील, पण मोठा भाग एप्रिलमध्ये केंद्रावर न आलेल्यांचा असावा. विधानसभेचं मतदान त्याच दिवशी होतं. विधानसभेला प्रत्येक गटाचा कार्यकर्ता जिवाचं रान करतो, म्हाताऱ्याकोताऱ्यांना गाडीत बसवून आणतो, मुंबई-पुण्यात कामाला गेलेल्या पोरांना फोन करून बोलावतो. हरल्या-जिंकल्यातला फरक ८७,७१७ आणि वाढीव मतं दीड लाख. आपण ज्याला "मतदारांनी पारडं फिरवलं" म्हणतो त्यात न फिरलेल्या, नव्याने उठून आलेल्या माणसांचा वाटा किती मोठा असू शकतो हे यावरून कळावं. निवडणुकीच्या विश्लेषणात हा गट कायम दुर्लक्षित राहतो, कारण त्याची गोष्ट सांगायला रंगत येत नाही.

एकाच बटणावर दोन निष्ठा

एप्रिलपर्यंत साताऱ्याच्या मतदारापुढे निवडायचा प्रश्नच नव्हता. गादीबद्दल आदर आहे? घड्याळ दाबा. पवारसाहेबांना मानता? घड्याळ दाबा. गटाच्या, कारखान्याच्या, सोसायटीच्या नेत्याने सांगितलंय? घड्याळच. दोन-तीन वेगवेगळ्या ओढी एका बटणावर येऊन थांबत होत्या. त्यातली कुठली ओढ किती घट्ट, हे मतदाराला स्वतःलाही माहीत असायचं कारण नव्हतं. १४ सप्टेंबरला त्या ओढी एकमेकींपासून सुटल्या.

१९४० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत, रूझवेल्ट विरुद्ध विल्की लढतीच्या वेळी, पॉल लाझर्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातल्या एरी काउंटीत त्याच सहाशे मतदारांना मे ते नोव्हेंबर दर महिन्याला भेटून मत विचारलं होतं. प्रचाराने माणसं घाऊक बदलतात हा समज त्या कामाने मोडला. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेलेले थोडेच निघाले. ज्यांच्यावर एकाच वेळी उलटसुलट ओढी होत्या, म्हणजे धर्म एकीकडे ओढतोय आणि वर्ग दुसरीकडे, किंवा घरचे एकीकडे आणि मित्र दुसरीकडे, ते निर्णय लांबवत राहिले. त्यातल्या अनेकांचा निवडणुकीतला रसच कमी झाला. दोन्ही बाजूंना दुखवायचं नसलेला माणूस सहसा विषयापासूनच लांब होतो.

साताऱ्यात असं लांब होणं अवघड झालं. त्या दिवशी मतदान केंद्रात दोन यंत्रं होती, एकावर लोकसभेची पांढरी मतपत्रिका, दुसऱ्यावर विधानसभेची गुलाबी. आमदारकीच्या चुरशीसाठी आलेला माणूस लोकसभेच्या यंत्रासमोरही उभा राहणारच होता. पुठ्ठ्याच्या आडोशामागे तो एकटा. बाहेर कोण काय म्हणालं, कुणाच्या गाडीतून आलो, सगळं बाहेर. बटण दाबलं की शेजारच्या काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि खाली पडते. घरी बसून टाळता आला असता असा निर्णय त्याला तिथे घ्यावाच लागला.

विधानसभेच्या निकालाने हे चित्र आणखी रंजक होतं. सहापैकी तीन जागा युतीने जिंकल्या: साताऱ्यात भाजप, कोरेगाव आणि पाटणमध्ये शिवसेना. तीन आघाडीने: वाई आणि कराड उत्तर राष्ट्रवादीने, कराड दक्षिण काँग्रेसच्या पृथ्वीराज चव्हाणांनी. विधानसभेला बरोबरी आणि लोकसभेला मात्र आघाडीचा उमेदवार ८७ हजारांनी पुढे. काही ठिकाणी बंडखोर आणि अपक्ष मैदानात असल्याने मतांची थेट तुलना करता येत नाही, म्हणून किती जणांनी दोन यंत्रांवर दोन वेगळ्या बाजूंची बटणं दाबली हा आकडा मी काढणार नाही. पण असे मतदार होते, आणि थोडेथोडके नव्हते, एवढं म्हणायला मला संकोच वाटत नाही.

चुलत भाऊ

पक्षांतराची लोकांना चीड आली म्हणून राजे पडले, हे सगळ्यांत लोकप्रिय उत्तर. ते पुरेसं नाही याचा पुरावा त्याच शहरात, त्याच दिवशी, त्याच घराण्यात आहे.

उदयनराजेंचे चुलत भाऊ शिवेंद्रराजे भोसले राष्ट्रवादीचे आमदार होते. तेही ३१ जुलै २०१९ रोजी भाजपमध्ये गेले. २१ ऑक्टोबरला सातारा विधानसभेतून कमळावर उभे राहिले आणि सहज निवडून आले. घराणं एक, पक्षांतराची दिशा एक, मतदानाचा दिवस एक. महाराष्ट्रभर पाहिलं तरी त्या वर्षी चित्र असंच संमिश्र होतं. इंदापुरात हर्षवर्धन पाटील, अकोले मतदारसंघात वैभव पिचड, बीडमध्ये जयदत्त क्षीरसागर पक्ष बदलून हरले. शिर्डीत राधाकृष्ण विखे पाटील, तुळजापुरात राणाजगजितसिंह पाटील, माणमध्ये जयकुमार गोरे पक्ष बदलून जिंकले. पक्षांतर हाच गुन्हा असता तर शिक्षा सगळ्यांना झाली असती.

मग फरक कुठे? मला वाटतं, वेळेत. शिवेंद्रराजेंची आमदारकी २०१४ ची. मुदत संपत आली होती. ते नव्या चिन्हावर लोकांपुढे आले तेव्हा म्हणणं असं होतं की मागचं संपलं, आता मी इकडून उभा आहे, मत द्यायचं की नाही ते ठरवा. मतदाराकडे मागणी केली होती. उदयनराजेंना दिलेल्या मताला पाच महिनेही झाले नव्हते आणि त्यांनी ते मत परस्पर दुसरीकडे नेलं, अशी भावना झाली. मी तुला अमुक कामासाठी पैसे दिले आणि तू न विचारता तमुक ठिकाणी गुंतवलेस, यात जो राग असतो तो. पैसे बुडाले का हा प्रश्न नंतरचा. विचारलं का नाहीस, हा पहिला.

आणखी दोन फरक आहेत, तेही सांगितले पाहिजेत. आमदाराशी लोकांचं रोजचं काम असतं: दाखला, रस्ता, ऊस, बदली. त्याच्याशी फारकत घेणं महागात पडतं. खासदाराशी बहुतेकांचा संबंध मानाचा असतो, गरजेचा कमी, त्यामुळे त्याच्यावरचा राग बाहेर काढणं सोपं. दुसरं म्हणजे शिवेंद्रराजेंच्या विरोधातले राष्ट्रवादीचे उमेदवार २०१४ मध्ये भाजपकडूनच लढलेले होते. तिथे निष्ठेचा मुद्दा ठासून मांडायची सोयच नव्हती. लोकसभेला श्रीनिवास पाटलांवर असा कुठलाही डाग नव्हता.

पाऊस आणि कबुली

१८ ऑक्टोबर, शुक्रवारची संध्याकाळ. प्रचाराला एकच दिवस उरलेला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे पवार बोलायला उभे राहिले आणि पाऊस कोसळायला लागला. छत्री न घेता ते बोलत राहिले. समोर लोकांनी खुर्च्या डोक्यावर धरल्या, पण जागा सोडली नाही. ते दृश्य त्याच रात्री राज्यातल्या घराघरांत पोचलं, आणि त्यानंतर आजतागायत साताऱ्याच्या निकालाचं श्रेय त्या पावसाला दिलं जातं.

मी ते भाषण अनेकदा ऐकलं आहे आणि माझं मत वेगळं आहे. पाऊस आला नसता तरी त्या भाषणात एक वाक्य होतं जे मतदाराच्या मनातली गाठ सोडवणारं होतं. पवारांनी जाहीरपणे सांगितलं की लोकसभेचा उमेदवार निवडताना माझ्याकडून चूक झाली, आणि ती दुरुस्त करायची संधी २१ तारखेला आहे.

हे वाक्य कुणाला उद्देशून होतं ते बघा. एप्रिलमध्ये राजांना मत दिलेल्या माणसाची अडचण काय होती? त्याने आता दुसऱ्याला मत दिलं तर आपलं आधीचं मत चुकलं हे मान्य करावं लागतं, आणि आपण चुकलो हे मान्य करायला कुणालाही आवडत नाही. चारचौघांत ज्याचा प्रचार केला त्याच्याविरुद्ध सहा महिन्यांत कसं बोलायचं? शिवाय गादीचा अवमान केल्याचा बोल लागायची भीती. पवारांनी ती चूक स्वतःच्या अंगावर घेतली. चूक माझी, तुमची नाही. तुम्ही माझ्या शब्दावर मत दिलंत. एवढं ऐकल्यावर मतदाराला स्वतःच्या नजरेत खाली न उतरता वळता आलं. त्याने पक्ष बदलायचा नव्हता, बाजूही बदलायची नव्हती, नेत्याची चूक दुरुस्त करायला मदत करायची होती. बटण पुन्हा तेच दाबायचं होतं, घड्याळाचं.

माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा हाच आहे. बाहेरून आपण म्हणतो मतदार फिरला. त्याच्या स्वतःच्या मनात तो सहसा फिरलेला नसतो. मी होतो तिथेच आहे, हलला तो समोरचा, असं त्याला वाटत असतं आणि वाटावं लागतं. ज्या नेत्याला मतदार वळवायचा असतो त्याने मतदाराला "तू चुकलास" असं कधी सांगू नये. परतीची वाट अशी हवी की चालताना मान खाली घालावी लागणार नाही.

पाऊस निरुपयोगी होता असं मी म्हणत नाही. कबुली शब्दांनी देता येते, तिची किंमत मोजलेली दिसावी लागते. त्याच्या तीन आठवडे आधी राज्य सहकारी बँकेच्या प्रकरणात ईडीने पवारांचं नाव घेतलं होतं, आणि त्यांनी स्वतःहून ईडीच्या कार्यालयात जायची तयारी दाखवल्यावर यायची गरज नाही असं त्यांना कळवण्यात आलं. जवळचे नेते एकामागून एक सोडून जात होते. अशा काळात भिजत उभा राहिलेला म्हातारा माणूस पाहिल्यावर, ज्यांचं आधीच अर्धं ठरलं होतं त्यांचं पक्कं झालं असणार. ज्यांचं ठरलं नव्हतं ते फक्त पावसामुळे वळले, हे मात्र मला पटत नाही. एका संध्याकाळने ८७ हजारांचं मताधिक्य होत नाही.

कराडची बाजू

भावनेच्या चर्चेत एक कोरडं कारण मागे पडतं. २००८ च्या पुनर्रचनेपर्यंत कराड हा स्वतंत्र लोकसभा मतदारसंघ होता आणि १९९९ ते २००९ श्रीनिवास पाटील त्याचे खासदार होते. पुनर्रचनेत कराड-पाटणचा भाग साताऱ्याला जोडला गेला आणि तेव्हापासून खासदार साताऱ्याचा. दहा वर्षांनी त्या भागाला आपला, ओळखीचा, नावानिशी हाक मारणारा उमेदवार मिळाला. तिथल्या अनेकांसाठी ऑक्टोबरचं मत राजांविरुद्ध नव्हतंच, आपल्या माणसासाठी होतं. उमेदवार दुसरा कुणी असता तर तीच कबुली आणि तोच पाऊस किती मतं देऊन गेला असता, हा प्रश्न राष्ट्रवादीने तेव्हा स्वतःला विचारायला हवा होता. त्याचं उत्तर २०२४ मध्ये मिळालं.

पाच वर्षांनी

उदयनराजेंना भाजपने २०२० मध्ये राज्यसभेवर पाठवलं. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. फुटीनंतर दुसऱ्याच दिवशी पवार कराडला प्रीतिसंगमावर यशवंतरावांच्या समाधीपाशी गेले, सातारा त्यांच्यासाठी काय आहे ते त्यावरून कळतं. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये पक्षाचं नाव आणि घड्याळ अजित पवारांच्या गटाला मिळालं. श्रीनिवास पाटलांनी प्रकृतीच्या कारणाने उभं राहायचं टाळलं. पवारांच्या पक्षाकडून शशिकांत शिंदे उभे राहिले, "तुतारी वाजवणारा माणूस" या नव्या चिन्हावर.

२०१९ मध्ये जागच्या जागी राहणाऱ्या मतदारासाठी सगळं सोपं होतं, घड्याळ होतं तिथेच होतं. २०२४ मध्ये त्याला जागच्या जागी राहायला शोधाशोध करावी लागली. पवारांचा पक्ष शोधायचा, त्याचं चिन्ह ओळखायचं, गावातला नेता कोणत्या राष्ट्रवादीत आहे ते बघायचं. दुसरीकडे उदयनराजेंचं पक्षांतर जुनं झालं होतं. एप्रिल २०१९ चं मत परस्पर नेल्याचा राग पाच वर्षांनंतरही ताजा ठेवणं कठीण असतं. पडून त्यांनी त्याची किंमतही मोजली होती. आणि यावेळी ते कमळावर मत मागायला आले ते रीतसर, लोकसभेची मुदत संपल्यावर, पाच वर्षांपूर्वी शिवेंद्रराजे आले होते तसे.

त्यांची मतं २२ हजारांनी वाढली. विरोधातली मतं मात्र ६,३६,६२० वरून ५,३८,३६३ वर आली, म्हणजे जवळपास एक लाखाने घटली. राजांकडे लोक परत आले असं म्हणण्यापेक्षा त्यांच्या विरोधात एकत्र आलेली फळी सुटली, हे जास्त खरं आहे. सहा महिन्यांनी विधानसभेला ती पुरती विखुरली: कराड दक्षिणेत पृथ्वीराज चव्हाण हरले, कराड उत्तरेत बाळासाहेब पाटील हरले, आणि सातारा जिल्ह्यातल्या आठही जागा महायुतीकडे गेल्या.

गादीचा मान आणि मत वेगळं करायचा प्रयोग त्याच २०२४ मध्ये कोल्हापुरातही झाला. "मान गादीला, मत मोदीला" असा प्रचार तिथे युतीने केला आणि काँग्रेसचे शाहू छत्रपती दीड लाखाहून अधिक मतांनी निवडून आले. ही विभागणी मतदाराला सुचवून होत नाही. साताऱ्यात २०१९ मध्ये ती झाली कारण गादीच्या माणसानेच दोन गोष्टी वेगळ्या करून त्याच्यापुढे ठेवल्या होत्या.

२०२४ च्या साताऱ्यातला एक आकडा अजून माझ्या वहीत आहे. त्या यंत्रावर एका अपक्ष उमेदवाराचं चिन्ह साधी तुतारी होतं, ज्याला लोक पिपाणी म्हणू लागले. प्रचारात कुठेही न दिसलेल्या त्या उमेदवाराला ३७,०६२ मतं पडली. शिंदेंची हार झाली ३२,७७१ ने. ती सगळी मतं चुकून पडली असं कुणी सिद्ध करू शकत नाही, पण त्यातला मोठा भाग पवारांच्या पक्षाला द्यायला निघालेल्या लोकांचा होता असं मला वाटतं. आपण होतो तिथेच आहोत अशा समजुतीत ही माणसं रांगेत उभी राहिली, आडोशामागे गेली, यंत्रावरच्या दोन तुताऱ्यांपैकी एकीसमोरचं बटण दाबलं आणि चिठ्ठी खाली पडल्यावर समाधानाने घरी गेली.